पदवीच्या वर्गात लेखन आणि डिजिटल संवाद शिकवताना : नव्या शिक्षकांसाठी

मुंबईतल्या बहुतेक महाविद्यालयांत पहिल्या वर्षाच्या लेखन आणि संवादकौशल्याच्या तासिका नव्याने रुजू झालेल्या, अनेकदा तासिका तत्त्वावर नेमलेल्या शिक्षकाच्या वाट्याला येतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार बदललेल्या अभ्यासक्रमात हा विषय साधारणपणे दोन क्रेडिटांचा असतो. एक क्रेडिट पंधरा तासांचे धरले, तर हाती ३० तास येतात आणि त्यांतून सण, परीक्षा, महोत्सव आणि पावसाने लोकल बंद पडलेले दिवस वजा केले की उरतात त्याहून बरेच कमी. समोर साठ, कधी एकशेवीस विद्यार्थी असतात. एवढ्या वेळात संवादाची व्याख्या, प्रकार आणि अडथळे हा ठरलेला भाग सहज शिकवून होतो, विद्यार्थी परीक्षेत तो बरोबर लिहितातही. मात्र त्याच विद्यार्थ्याला कार्यालयाला चार ओळींचा ईमेल लिहायचा झाला तर तो शेजारच्याकडे पाहतो.

ही तफावत कमी करायची असेल, तर आखणी करताना एकच कसोटी लावावी : विद्यार्थ्याने एखादा मजकूर खऱ्या वाचकासाठी लिहिला आणि त्यावर प्रतिक्रिया मिळाल्यानंतर तोच मजकूर पुन्हा लिहिला, तरच लेखन शिकवले गेले असे मानावे. पहिल्या खर्ड्यात विद्यार्थ्याला येत असलेलेच उतरते. शिकणे घडते ते दुसऱ्या खर्ड्यात. म्हणून सत्रात दहा विषयांवर दहा निबंध घेण्यापेक्षा चार मजकूर निवडावेत आणि प्रत्येक दोनदा लिहून घ्यावा. पुढे सुचवलेले चार मजकूर कोणत्याही विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातील पत्रलेखन, सारांशलेखन, अर्जलेखन आणि अहवाललेखन या घटकांत बसवता येतात, त्यामुळे विभागप्रमुखांची वेगळी परवानगी सहसा लागत नाही.

पहिल्या तासिकेआधी आणि पहिल्या तासिकेत

आपल्या विद्यार्थ्यांजवळ काय आहे, हे आधी जाणून घ्यावे. पहिल्या तासिकेत अर्ध्या कागदावर चार प्रश्नांची उत्तरे मागवावीत : घरी संगणक आहे की सगळे काम फोनवरच होते, बारावीपर्यंतचे माध्यम कोणते, फोनवर मराठी कोणत्या पद्धतीने टंकित करता, आणि मागच्या आठवड्यात वर्गमित्र सोडून इतर कोणाला काही लिहून पाठवले का. शेवटच्या प्रश्नाची उत्तरे सर्वांत उपयोगी ठरतात. कोणी सोसायटीच्या सचिवाला गळतीबद्दल लिहिलेले असते, कोणी वडिलांच्या वतीने बँकेला, कोणी शिकवणीच्या मुलांच्या पालकांना. ज्या विद्यार्थ्याला लिहिता येत नाही असे आपण समजत असतो, तो पुष्कळदा घरातला एकमेव लिहिणारा असतो.

बहुसंख्य विद्यार्थी फोनवरच लिहितात, हे गृहीत धरूनच स्वाध्याय ठरवावेत. संगणक प्रयोगशाळेचा तास मिळाला तर उत्तमच, पण वेळापत्रकात तो आधी विज्ञान आणि आयटीच्या तुकड्यांना जातो, याची तयारी ठेवावी. अंबरनाथ किंवा विरारहून सकाळी सातच्या तासाला येणारी मुलगी परतीच्या गाडीत उभ्याने जे लिहू शकेल, तेवढ्याच लांबीचा घरचा स्वाध्याय द्यावा.

पहिला मजकूर : कार्यालयाला ईमेल

रेल्वे कन्सेशनचा, म्हणजे सवलतीच्या पासासाठी महाविद्यालयाकडून मिळणारा फॉर्म हा मुंबईतल्या विद्यार्थ्यांच्या अगदी जिव्हाळ्याचा विषय असल्याने सुरुवात तिथूनच करावी. दहा मिनिटे देऊन सांगावे की कन्सेशनचा फॉर्म अजून मिळालेला नाही, त्याबद्दल कार्यालयाला लिहा. हाती येणारा मजकूर बहुधा असा असतो :

‘सर माझं कन्सेशन अजून आलं नाही. मी दोन वेळा येऊन गेले. प्लीज लवकर द्या खूप अर्जंट आहे.’

विषयाची जागा कोरी असते आणि जोडलेल्या छायाचित्राच्या फाइलला फोनने दिलेला आकड्यांचा क्रमांकच नाव म्हणून राहिलेला असतो. इथे चुका दाखवायची घाई करू नये. फळ्यावर एकच प्रश्न लिहावा : हा ईमेल कोण उघडणार आहे? खिडकीमागे बसणारे लिपिक डोळ्यांसमोर आणले की वर्ग स्वतःच बोलू लागतो. त्यांच्यापुढे तीन वर्षांच्या, सगळ्या शाखांच्या अर्जांचा गठ्ठा आहे, हा अर्ज त्यातून शोधून काढायचा आहे, आणि ईमेलमध्ये ना नाव आहे, ना वर्ग, ना स्थानक. त्यांना काय कळले तर काम पुढे सरकेल, याची यादी विद्यार्थ्यांनीच करावी, मग पुनर्लेखन. एका बऱ्या दुसऱ्या खर्ड्याचे रूप पुढीलप्रमाणे असू शकते :

‘विषय : रेल्वे कन्सेशन, प्रथम वर्ष कला, तुकडी ब, रोल नं. ४७, अंबरनाथ ते दादर

मा. कार्यालय अधीक्षक यांस,

अंबरनाथ ते दादर या मार्गावरील द्वितीय वर्गाच्या त्रैमासिक पासासाठी मी ५ जुलै रोजी खिडकीवर अर्ज दिला आहे. माझा सध्याचा पास १८ जुलैला संपतो. त्याआधी फॉर्म कोणत्या दिवशी व कोणत्या वेळेत घेण्यास यावे, हे कळवावे. ओळखपत्राची आणि सध्याच्या पासाची प्रत सोबत जोडली आहे.’

खाली पूर्ण नाव आणि फोन क्रमांक. दोन्ही मजकूर शेजारी ठेवले की विद्यार्थ्यांच्या लक्षात येते की ‘अर्जंट’ आता कुठेच नाही, पण घाई पहिल्यापेक्षा जास्त कळते, कारण पास संपण्याची तारीख दिली आहे. आणखी एक गोष्ट आवर्जून दाखवावी. पहिल्या ईमेलमध्ये ‘लवकर द्या’ अशी मागणी होती, तिला उत्तर देणे अवघड आहे. दुसऱ्यात कोणत्या दिवशी यावे हा प्रश्न आहे, त्याला लिपिक एका ओळीत उत्तर देऊ शकतात. मायन्याच्या आणि ‘आपला विश्वासू’च्या चर्चेत मात्र पूर्ण तास घालवू नये, पाच मिनिटे पुरतात.

याच तासाला ईमेलची यंत्रणा दाखवून टाकावी. सीसीमध्ये घातलेले पत्ते सर्वांना दिसतात आणि बीसीसीमधले दिसत नाहीत, म्हणून साठ जणांना एकच ईमेल पाठवताना बीसीसी वापरायचे. जीमेलमध्ये पाठवलेला ईमेल मागे घेण्याची मुदत संगणकावरच्या सेटिंगमधून जास्तीत जास्त ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते. प्रयोगशाळेचा तास मिळाला की ती प्रत्येकाला वाढवायला लावावी. जोडायच्या फाइलला स्वतःचे नाव, रोल नंबर आणि विषय असे नाव द्यायची सवय पहिल्याच स्वाध्यायापासून लावावी, कारण एकशेवीस ‘डॉक्युमेंट फायनल’ उघडून पाहण्याची वेळ शेवटी शिक्षकावरच येते.

लिपी, कळफलक आणि शुद्धलेखन

मुंबईच्या वर्गात मराठी माध्यमाचे, इंग्रजी माध्यमाचे, आणि घरी हिंदी, गुजराती, उर्दू किंवा कोकणी बोलणारे विद्यार्थी एकाच बाकावर असतात. फोनवर त्यांतले बरेच जण मराठी रोमन लिपीत लिहितात. माझ्या मते पहिल्या खर्ड्यापुरती याला हरकत घेऊ नये. बोलून टंकन करायचे असेल तर तेही चालेल. दुसरा खर्डा मात्र देवनागरीतच असावा आणि त्यासाठी टंकनाला एक संपूर्ण तास द्यावा. इन्स्क्रिप्ट कळफलकात स्वर डावीकडे आणि व्यंजने उजवीकडे असतात, हे एकदा समजले की सराव सोपा होतो. ज्यांना उच्चारानुसार टंकन जमते त्यांना तेच करू द्यावे. विद्यार्थ्यांना नेमके अडते ते ‘ऱ’पाशी. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’, ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ या जोड्या प्रत्येकाला स्वतःच्या फोनवर टंकित करायला लावाव्यात. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट आणि ‘र’ची कळ दाबल्यावर ‘ऱ’ मिळतो. फोनच्या कळफलकावर तो कुठे दडला आहे, हे शोधणे हाच पाच मिनिटांचा खेळ होतो.

युनिकोडची, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना ठरलेला संकेतांक देणाऱ्या पद्धतीची गोष्टही इथेच सांगावी. कार्यालयात किंवा छापखान्यात जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये तयार केलेली मराठी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांऐवजी चिन्हांची खिचडी दिसते. कारण त्या फाँटमध्ये मुळात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. अशा फाइलमधला मजकूर शोधता येत नाही, फोनवर वाचता येत नाही, आणि अंध विद्यार्थ्याचा वाचक-सॉफ्टवेअरही तो वाचू शकत नाही. सूचनेचे छायाचित्र काढून गटावर टाकण्याच्या सवयीलाही हाच आक्षेप आहे : मजकूर टंकित करावा, छायाचित्र हवे तर सोबत द्यावे.

शुद्धलेखनाबाबत संयम लागतो. राज्य शासनाने १९६२ साली मान्य केलेले आणि १९७२ मध्ये भर पडलेले मिळून अठरा नियम आहेत. ते सगळे एका सत्रात शिकवण्याच्या फंदात पडू नये. शब्दाच्या अखेरचा इकार-उकार दीर्घ लिहिणे, ‘फूल’चे ‘फुलाला’ आणि ‘बहीण’चे ‘बहिणीला’ होणे, आणि सामान्यरूपावरचा अनेकवचनी अनुस्वार, म्हणजे ‘मुलाला’ आणि ‘मुलांना’, हे तीनच निवडावेत. सत्रभर फक्त त्यांच्या चुकांवर खूण करावी. बाकीच्या दिसल्या तरी हात आवरावा, हे नव्या शिक्षकाला फार जड जाते, पण लाल शाईने भरलेला कागद विद्यार्थी वाचत नाही, घडी घालून ठेवून देतो.

दुसरा मजकूर : मेगाब्लॉकची सूचना

सारांशलेखनासाठी वर्तमानपत्रातला उतारा घेण्याऐवजी रेल्वेची रविवारच्या मेगाब्लॉकची, म्हणजे देखभालीसाठी काही मार्ग ठरावीक वेळ बंद ठेवण्याची सूचना घ्यावी. तिचा साचा सर्वांना पाठ असतो : ‘सकाळी ११.०५ ते दुपारी ३.५५ या वेळेत माटुंगा ते मुलुंड अप आणि डाउन जलद मार्गांवर मेगाब्लॉक असेल. या काळात अप जलद गाड्या मुलुंड ते माटुंगा दरम्यान धीम्या मार्गावर वळवल्या जातील आणि सुमारे १५ मिनिटे उशिराने पोहोचतील.’

वर्गाचे दोन गट करावेत. एका गटाने डोंबिवलीहून निघून एक वाजता दादरला परीक्षेला पोहोचायचे असलेल्या मुलासाठी ही सूचना दोन वाक्यांत लिहावी. दुसऱ्याने भांडुपला राहणाऱ्या, नेहमी धीम्या गाडीनेच जाणाऱ्या आजींसाठी. पहिला गट लवकर मोकळा होतो : नेहमीपेक्षा अर्धा तास आधीची गाडी धर, जलद गाडी मुलुंडपासून धीम्या मार्गाने जाणार आहे. दुसरा गट अडतो, कारण मूळ सूचनेत आजींच्या गाडीचा उल्लेखच नाही. मग कोणाच्या तरी डोक्यात येते की जलद गाड्या त्याच रुळांवर आल्या की धीम्या गाड्याही रखडणार. आजींना सांगायची गोष्ट ही आहे आणि ती मजकुरात लिहिलेली नाही, निष्कर्षाने काढावी लागते. सारांश म्हणजे मजकुराची लांबी कमी करणे नव्हे, हे वेगळे सांगावे लागत नाही. ‘अप’ आणि ‘डाउन’ हे शब्द ठेवायचे की काढायचे, यावर वर्गात वाद होतो. तो होऊ द्यावा.

तिसरा मजकूर : शब्दमर्यादेतला अर्ज

माहितीचा अधिकार अधिनियम २००५ अंतर्गत करायचा अर्ज हा लेखनाच्या वर्गासाठी फार चांगला सराव आहे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाशी संबंधित असावा लागतो आणि तो साधारणतः १५० शब्दांपेक्षा मोठा नसावा. शुल्क १० रुपये आहे आणि उत्तरासाठी सामान्यतः ३० दिवसांची मुदत आहे. विद्यार्थ्यांचा पहिला खर्डा जवळजवळ नेहमीच तक्रार असतो : ‘आमच्या रस्त्याचे काम का रखडले आहे?’ या प्रश्नाला माहिती म्हणून काही देता येत नाही. तोच विद्यार्थी दुसऱ्या खर्ड्यात कार्यादेशाची प्रत, काम पूर्ण करण्याची ठरलेली तारीख आणि आजवर कंत्राटदाराला दिलेली रक्कम मागतो, तेव्हा कागदपत्रांत असलेल्या गोष्टीबद्दल प्रश्न कसा विचारायचा, हे त्याला उमगलेले असते. अर्ज प्रत्यक्ष दाखल करायचा की नाही, हे त्याचे त्याने ठरवावे; गुणांसाठी दाखल करण्याची सक्ती करू नये.

मर्यादेचाच आणखी छोटा खेळ एसएमएसवर घेता येतो. इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, देवनागरीत फक्त ७०. शिवाय प्रत्येक मात्रा आणि हलन्त वेगळा मोजला जातो, त्यामुळे ‘स्त्री’ या एका अक्षरालाच सहा जागा लागतात. सहलीची वेळ, जागा आणि वर्गणी ७० चिन्हांत बसवायला सांगितली की पाल्हाळ आपोआप गळते.

गट, फॉरवर्ड आणि जबाबदारी

वर्गाचा व्हॉट्सॲप गट असतोच. तो शिकवण्यासाठी वापरायचा असेल तर नियम पहिल्या आठवड्यात लेखी द्यावेत आणि शिक्षकानेही ते पाळावेत. रात्री नऊनंतर संदेश नाही, ‘ओके मॅडम’च्या साठ ओळी नाहीत, आणि वैयक्तिक प्रश्न गटावर नाहीत. विद्यार्थ्यांच्या गुणांचा तक्ता नावांसह गटावर टाकू नये. फोन क्रमांकांची यादीही नाही.

फॉरवर्डच्या तासाला व्याख्यान देण्याऐवजी वर्गात नुकताच फिरलेला एक संदेश घ्यावा आणि चार गोष्टी तपासायला लावाव्यात : तारीख आहे का, मूळ संस्थेच्या संकेतस्थळावर तो सापडतो का, छायाचित्र जुने तर नाही, आणि पाठवणाऱ्याला तो कोणाकडून आला. पावसाळ्यात ‘उद्या सर्व शाळा-महाविद्यालये बंद’ हा संदेश हमखास मिळतो आणि पुष्कळदा तो मागच्या वर्षीचाच असतो.

कायद्याचा भाग थोडक्यात, पण गांभीर्याने सांगावा. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना मुंबईतील बंदबाबतच्या फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाली होती. त्यानंतर आक्षेपार्ह ऑनलाइन संदेश पाठवणे गुन्हा ठरवणाऱ्या, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ ला आव्हान देण्यात आले आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द ठरवले. विद्यार्थ्यांना यातून दोन्ही बाजू दिसाव्यात : मत मांडण्याचा हक्क आहे, आणि बदनामी, धमकी किंवा तेढ निर्माण करणाऱ्या मजकुरासाठी अन्य कलमे आजही लागू आहेत. व्हॉट्सॲपवरचा संदेश पाठवल्यापासून १५ मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो, पण तोवर कोणी स्क्रीनशॉट घेतला असेल, तर दुरुस्तीचा काही उपयोग नसतो.

चौथा मजकूर : गटाने लिहिलेला अहवाल

पाच-पाच जणांचे गट करून महाविद्यालयाच्या आवारातलाच विषय द्यावा : ग्रंथालयाच्या वेळा, पाण्याची सोय, उपाहारगृहातली रांग. अहवाल गुगल डॉक्ससारख्या सामायिक दस्तऐवजात लिहावा आणि दुसऱ्याचे वाक्य थेट न बदलता सूचनेच्या स्वरूपात बदलण्याची पद्धत वापरावी. आवृत्तींच्या इतिहासात कोणी केव्हा काय लिहिले हे दिसते, त्यामुळे ‘सगळे मीच केले’ या तक्रारीचा निवाडा लवकर होतो. दुवा पाठवताना संपादनाचा अधिकार फक्त गटातल्यांनाच आहे ना, हे तपासून घ्यावे.

तपासणीचा हिशेब

साठ विद्यार्थी आणि प्रत्येकी पाच मिनिटे म्हणजे पाच तास. दोन तुकड्या असतील तर दहा. हे दर आठवड्याला जमणार नाही आणि जमवायला जाऊही नये. पहिला खर्डा शेजाऱ्याकडून तपासून घ्यावा, पण त्याला ‘कसे वाटले’ असे विचारू नये, कारण उत्तर ‘छान आहे’ हेच येते. तीन ठरावीक प्रश्न द्यावेत : हा मजकूर वाचून तुला काय करायचे आहे असे कळले, कोणते वाक्य दोनदा वाचावे लागले, आणि कोणती माहिती कमी पडली. शिक्षकाने दुसरा खर्डाच वाचावा आणि त्यावर फक्त दोन शेरे लिहावेत, एक जमलेल्या गोष्टीबद्दल व एक पुढच्या वेळी बदलायच्या गोष्टीबद्दल. ज्या चुका वीस-पंचवीस जणांनी केल्या आहेत, त्या प्रत्येकाच्या कागदावर लिहीत बसण्याऐवजी नावे झाकून फळ्यावर घ्याव्यात.

कृत्रिम बुद्धिमत्ता

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून घरून आलेला मजकूर कोणी लिहिला, हा प्रश्न प्रत्येक शिक्षकापुढे आहे. यंत्राने लिहिलेला मजकूर ओळखण्याचा दावा करणाऱ्या शोधक सॉफ्टवेअरच्या निकालावर विसंबून कोणाला शून्य गुण देऊ नयेत. ही साधने चुकतात आणि प्रामाणिक विद्यार्थी त्यात भरडला जाऊ शकतो. त्यापेक्षा स्वाध्यायच असे असावेत की यंत्राला ते अर्धेच करता यावेत. अंबरनाथच्या पासाची तारीख आणि आवारातल्या नळाला दुपारी पाणी नसते ही गोष्ट विद्यार्थ्यालाच ठाऊक असते. पहिला खर्डा वर्गात, हाताने लिहून घेतला की प्रश्न बराच सुटतो.

वापराला पूर्ण बंदी घालणे मला शहाणपणाचे वाटत नाही, कारण ती पाळली जात नाही आणि मग लपवणे तेवढे शिकले जाते. शुद्धलेखन तपासणे, अर्जातल्या त्रुटी विचारणे यांसाठी वापर चालेल, मात्र तो कुठे केला हे खाली एका ओळीत लिहावे, असा नियम ठेवावा. चॅटजीपीटीसारखी साधने अस्तित्वातच नसलेले परिपत्रक आणि भलतेच कलम आत्मविश्वासाने देतात, हे दाखवण्यासाठी माहिती अधिकाराचाच अर्ज यंत्राकडून लिहवून घेऊन मूळ कायद्याशी ताडून पाहावा. शंका आली, तर विद्यार्थ्याला तीन मिनिटे बोलावून विचारावे : हे वाक्य आधी कसे होते, आणि का बदलले?

गुणदान

अंतर्गत गुण ठेवताना दुसऱ्या खर्ड्याला जास्त वजन द्यावे आणि पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत काय बदलले, यासाठी वेगळे गुण राखावेत. आधीच चांगले लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला यात तोटा होतो अशी तक्रार येते. त्याला दुसऱ्या खर्ड्यासाठी वेगळा वाचक द्यावा, म्हणजे कार्यालयाचाच ईमेल आता प्राचार्यांना किंवा घरी आजोबांना समजेल असा लिहायला सांगावा. सत्राअखेर चारही मजकुरांचे दोन्ही खर्डे एका फोल्डरमध्ये घ्यावेत. अंतर्गत गुणांबद्दल कोणी शंका काढलीच, तर दाखवायला ते हाताशी असतात, आणि पुढच्या जूनमध्ये नावे काढून टाकून, संबंधितांची परवानगी घेऊन, नव्या तुकडीपुढे फळ्यावर ठेवायला त्यांच्याइतके चांगले साहित्य दुसरे मिळत नाही.